लोकसेवेचा भार : स्वयंसेवी संस्थांचे कार्य आणि त्यांच्या अडचणी

देवालयाच्या सभामंडपात वार्षिक सभा भरली म्हणजे एक प्रश्न हटकून उपस्थित होतो. गरजू विद्यार्थी, निराधार वृद्ध, दीर्घ दुखण्याने खंगलेले रोगी यांच्यासाठी संस्थेने काही करावे अशी सूचना एखादा सभासद कळकळीने मांडतो. आणि लगोलग दुसरा उठून विचारतो की, शाळा, दवाखाने, निवृत्तिवेतन हे सर्व आता सरकार पाहत असता आपण निराळे ते काय करणार? पहिल्याची कळकळ खरी असते आणि दुसऱ्याची शंकाही अगदीच अवाजवी नसते. तथापि वेळ फार झाल्यामुळे प्रश्न पुढील सभेवर टाकला जातो, आणि पुढील सभेत पुन्हा तोच प्रश्न, तीच उत्तरे आणि तीच वेळेची अडचण!

म्हणून या प्रश्नाचा थोडा सावकाश विचार सभासद कुटुंबांनी घरी बसून करावा, या हेतूने हा पाठ आम्ही लिहीत आहो. आमचा भर उपदेशावर नसून घडून गेलेल्या गोष्टींवर राहील. आपल्या मराठी मुलखात गेल्या दीडशे वर्षांहून अधिक काळ स्वयंसेवी संस्था निघाल्या, वाढल्या, काही खचल्या, काहींनी रूप पालटले. त्यांच्या चरित्रात आपल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे सापडते, असे आमचे मत आहे.

१. दान आणि संस्था

दानधर्म आपल्याकडे नवा नाही. इंदूरच्या वाचकांना अहिल्याबाई होळकरांचे उदाहरण निराळे सांगणे नलगे. १७६७ ते १७९५ या आपल्या कारकीर्दीत त्यांनी स्वतःच्या राज्याबाहेरही घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे उभी केली. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व राज्यास लागू केला. ही कार्ये थोर खरीच. पण ती राजसत्तेची होती. राजा उदार असला तर प्रजेचे भाग्य, नसला तर काही इलाज नाही, अशी त्यांची स्थिती होती.

सामान्य माणसांनी एकत्र येऊन, नियम करून, वर्गणी जमवून, एक काम पिढ्यानुपिढ्या चालविणे ही गोष्ट निराळी. तिला आपण संस्था म्हणतो. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याने सात अगर अधिक माणसांना सार्वजनिक हिताच्या कामासाठी आपली संस्था नोंदविता येऊ लागली. १८६३ च्या कायद्याने इंग्रज सरकारने देवस्थानांच्या प्रत्यक्ष व्यवस्थेतून अंग काढून घेतले. गोव्यात पोर्तुगीज सरकारने १८८६ साली देवालयांच्या महाजनकीसंबंधी नियम घालून दिले. मुंबई राज्यात १९५० साली सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेचा कायदा झाला, आणि विश्वस्तांची नोंद, हिशेबतपासणी व धर्मादाय आयुक्तांची देखरेख यांना निश्चित रूप आले. तात्पर्य, देवालयाची समिती काय किंवा अनाथाश्रम काय, कायद्याच्या दृष्टीने दोघेही लोकांनी विश्वासाने दिलेल्या ठेवीचे राखणदार आहेत. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढील विवेचन सुलभ होईल.

२. कायद्याने हक्क दिला, निवारा कोणी दिला?

सरकारच सर्व करील असे मानणाऱ्यांनी पुढील प्रकरणाचा विचार करावा. १८५६ साली विधवांच्या पुनर्विवाहास कायद्याची मान्यता मिळाली. कागदावर मोठाच अन्याय दूर झाला. परंतु ज्या बालविधवेला सासरी आधार नव्हता आणि माहेरी जागा नव्हती, तिला रात्री पाठ टेकण्यास एक खोली आणि दोन वेळचे अन्न तो कायदा देऊ शकत नव्हता. फसवणुकीने गर्भवती झालेल्या विधवेस तर आत्महत्या किंवा बालहत्या यांखेरीज मार्ग दिसत नसे.

१८६३ साली पुण्यात ज्योतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. तेथे अशा स्त्रियांनी गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे आणि हवे तर मूल तेथेच ठेवून जावे, अशी सोय होती. त्या घरात जन्मलेल्या एका मुलाला फुले दांपत्याने दत्तक घेतले. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. आणि १८९७ च्या प्लेगात त्याने व सावित्रीबाईंनी रोग्यांची शुश्रूषा केली. त्याच सेवेत प्लेगाची लागण होऊन सावित्रीबाईंचा अंत झाला. ज्या मुलाच्या जगण्याची कोणाला आशा नव्हती, तो शहराच्या संकटात उपयोगी पडला. सेवाकार्याचे फळ किती वर्षांनी आणि कोणत्या रूपाने पदरी पडेल याचा हिशेब मांडता येत नाही, तो यामुळेच.

पंढरपुरासारख्या क्षेत्री तर हा प्रश्न अधिकच उग्र होता. यात्रेच्या गर्दीत टाकून दिलेली अर्भके सापडत. तेथे न्यायाधीशाच्या हुद्द्यावर असलेले लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने १८७५ साली बालहत्या प्रतिबंधक गृह व अनाथाश्रम निघाला आणि प्रार्थना समाजाने तो चालविला. न्यायासनावर बसून गुन्ह्याला शिक्षा देणे हे त्यांचे सरकारी काम होते. गुन्हा घडूच नये म्हणून आश्रय उभारणे हे त्यांनी नागरिक म्हणून केले. एकाच माणसाच्या या दोन भूमिकांमध्ये शासन आणि स्वयंसेवा यांतील भेद जितका स्पष्ट दिसतो तितका तो ग्रंथांतही क्वचित दिसेल.

पुढे १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन काढले. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विवाह केला. १८९६ साली त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापिला, आणि १९०० साली गावाबाहेर हिंगणे येथे, दानात मिळालेल्या जमिनीवर, एका झोपडीवजा घरात तो नेला. दिवसा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवावयाचे आणि काम आटोपून पायी हिंगणे गाठावयाचे, असा त्यांचा क्रम होता. या आश्रमातूनच १९०७ साली महिला विद्यालय आणि १९१६ साली महिला विद्यापीठ उदयास आले.

या सर्व उदाहरणांतून स्वयंसेवी संस्थेचे पहिले कार्य ध्यानात येते. ज्या दुःखाची सरकारदप्तरी अजून नोंदच झालेली नाही, ते दुःख प्रथम पाहणे आणि त्यावर लहान प्रमाणात का होईना, उपाय करून दाखविणे, हे ते कार्य होय.

३. सरकारचा हात आणि संस्थेचा पाय

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पालटली. बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व यांत नागरिकास साहाय्य देण्याची दिशा राज्यघटनेने शासनास दाखविली. १९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि दुर्गाबाई देशमुख त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. पहिल्या पंचवार्षिक योजनेत स्वयंसेवी संस्थांच्या साहाय्यार्थ चार कोटी रुपयांची तरतूद होती. सरकारने सर्व कामे आपल्या खात्यामार्फत न करता, जे लोक आधीपासून ती करीत आहेत त्यांच्या पाठीशी उभे राहावे, हे त्यामागील धोरण. ते शहाणपणाचे होते यात संशय नाही. सरकारपाशी विस्तार आहे. लक्षावधी मुलांना शाळा देणे, लक्षावधी बालकांना लस टोचणे हे सरकारच करू शकते. संस्थेपाशी जवळीक आहे. कोणत्या घरातील मूल शाळेत का येत नाही हे ती जाणते.

परंतु या साहचर्यात एक धोका आहे, आणि तो रयत शिक्षण संस्थेच्या इतिहासात स्पष्ट दिसतो. भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी ही संस्था स्थापिली आणि १९२४ साली तिचे ठाणे साताऱ्यास नेले. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीस बसत आणि मिळून राबत. मुलांच्या अन्नासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरील दागिने तर दिलेच, पण मंगळसूत्रही दिले. १९४० साली निघालेल्या विद्यालयास सयाजीराव महाराजांचे नाव दिले गेले. असे हे काम वाढत असता १९४८ साली, भाऊरावांच्या स्पष्टोक्तीमुळे वाद निर्माण होऊन, मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबविले. शेकडो शिक्षक, हजारो मुले, आणि पैशाचा मुख्य झरा आटलेला!

त्या वेळी खेड्यापाड्यांतील सामान्य लोकांनी, मूठमूठ धान्य देऊन का होईना, संस्था जगविली. आणि पुढे अनुदानही पूर्ववत् सुरू झाले. जर त्या संस्थेची मुळे लोकांत रुजलेली नसती आणि ती केवळ सरकारी हुंडीवर उभी असती, तर काय झाले असते हे सांगावयास नको. आमच्या मते यातून दोन्ही पक्षांनी बोध घ्यावा. सरकारी मदत नाकारण्यात शौर्य नाही, कारण तो पैसा शेवटी लोकांचाच आहे. पण खर्चाचा काही भाग तरी स्वतःच्या सभासदांकडून येत नसेल, तर त्या संस्थेला प्रसंगी खरे बोलण्याचे सामर्थ्य उरत नाही. आणि दुःखितांच्या वतीने सत्तेपुढे खरे बोलणे हे तर संस्थेचे दुसरे मुख्य कार्य आहे.

४. पाच अडचणी

आता अडचणींकडे वळू. त्या पुष्कळ आहेत. आम्ही पाचच घेतो.

पहिली अडचण पैशाची, आणि त्याहूनही पैशाला चिकटून येणाऱ्या अटींची. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी महिला विद्यापीठास पंधरा लक्ष रुपये दिले. त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठास लाभले, आणि देणगीबरोबर काही अटीही आल्या. १९३६ साली विद्यापीठाचे मुख्य ठाणे पुण्याहून मुंबईस गेले. त्या देणगीने सहस्रावधी स्त्रियांचे कल्याण झाले, हे निर्विवाद. आम्हांस एवढेच सुचवावयाचे आहे की, मोठी देणगी घेताना संस्थेने आपले ध्येय आधी शब्दांत लिहून ठेवावे, म्हणजे कोणती अट मानावयाची आणि कोणती नाही याचा निर्णय मोहाच्या क्षणी करावा लागत नाही.

याच अडचणीचे आजचे रूप निराळे आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करणे आवश्यक झाले. २०२१ च्या नियमांनी त्यांतील प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांपर्यंत मर्यादित केला. परदेशी देणग्यांच्या बाबतीत २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासावरून वीस टक्क्यांवर आणली, आणि एका संस्थेने तो पैसा दुसऱ्या संस्थेस देण्यास मनाई केली. उधळपट्टीला आळा घालण्याचा हेतू स्तुत्यच आहे. परंतु कारकुनाचा पगार, कार्यालयाचे भाडे, हिशेबतपासनिसाची फी यांविना कोणते काम चालते? दातेही बहुधा इमारतीस, रुग्णवाहिकेस, संगमरवरी फलकास पैसे देतात; त्या इमारतीत रोज झाडलोट करणाऱ्या बाईच्या वेतनास देणारा विरळा.

दुसरी अडचण माणसांची. सेवा करणाऱ्याने पोटाचा विचार करू नये अशी आपली एक समजूत आहे, आणि तिने अनेक संस्थांचा घात केला आहे. १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने आजीव सदस्यांची पद्धत घातली : अल्प वेतन घ्यावयाचे, पण आयुष्याची उमेदीची वर्षे संस्थेस द्यावयाची. कल्पना उदात्त होती. तरीही आजीव सदस्यांनी बाहेर मिळकत करावी की न करावी यावर तीव्र मतभेद झाले, आणि १८९० साली लोकमान्य टिळक त्या संस्थेतून बाहेर पडले. एवढ्या थोर माणसांतही जो प्रश्न सुटला नाही तो आपल्यात सहज सुटेल असे मानणे भोळेपणाचे होईल. नामदार गोखल्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज आणि अण्णासाहेब कर्व्यांनी १९०८ साली निष्काम कर्म मठ काढला, तो याच प्रश्नाच्या निरसनार्थ. आयुष्य वाहून घेणारा कार्यकर्ता हवा, आणि त्याच्या चरितार्थाची हमीही संस्थेने घेतली पाहिजे, हा विचार त्यामागे होता. मोबदला न घेणारा स्वयंसेवक आणि वेतन घेणारा सेवक या दोघांनाही संस्थेत मान असावा. फुकट काम करणाऱ्यास चुका माफ आणि पगार घेणाऱ्यास सारे टोमणे, ही रीत वाईट.

तिसरी अडचण विश्वासाची. शारदासदनाचेच उदाहरण घ्या. तेथे धर्मशिक्षण तटस्थ राहील अशी अपेक्षा बाळगून न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर प्रभृती मंडळी सल्लागार झाली होती. १८९३ साली त्या बाबतीत वाद उत्पन्न होऊन त्यांनी राजीनामे दिले आणि अनेक मुली काढून नेण्यात आल्या. रमाबाईंच्या विद्वत्तेविषयी वा करुणेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पुढे केडगाव येथे दुष्काळात त्यांनी निराधार स्त्रियांना व मुलींना आश्रय दिला, ते कार्य मोठेच आहे. आमचा मुद्दा एवढाच की, ज्या समजुतीवर लोकांनी आपली मुले व आपला पैसा सोपविला, ती समजूत दोन्ही बाजूंनी स्पष्ट नसेल तर उत्तम कार्यासही तडा जातो. हिशेबाचेही तसेच आहे. पावतीवाचून पैसा घेणे, एका निधीचा पैसा तात्पुरता म्हणून दुसऱ्या निधीत वापरणे, विश्वस्त बदलले तरी त्याची नोंद वेळेवर न करणे, या गोष्टी बहुधा लबाडीने घडत नाहीत, आळसाने घडतात. परंतु बाहेरच्या माणसाला आळस आणि लबाडी यांतील भेद दिसत नाही, आणि तो दिसावा अशी अपेक्षाही आपण करू नये.

चौथी अडचण घेणाऱ्याच्या प्रतिष्ठेची. ही आम्हांस सर्वांत नाजूक वाटते. बाबा आमटे यांनी १९५१ साली वरोड्याजवळ सहा कुष्ठरोग्यांसह आनंदवनात कामास आरंभ केला, तेव्हा ज्यांच्याकडे लोक केवळ भिक्षेकरी म्हणून पाहत त्यांच्याच हातांनी विहीर खणवली आणि शेत पिकविले. रोग्याला भाकरी देणे सोपे; आपली भाकरी आपण मिळविली हे समाधान त्याला देणे कठीण. हिंगण्याच्या आश्रमातही हेच दिसते. पार्वतीबाई आठवले या अण्णासाहेबांच्या मेहुणी. अल्पवयात वैधव्य आलेले, अक्षरओळखही उशिरा झालेली. त्या आश्रमात आल्या, शिकल्या, पुढे आश्रमाच्या व्यवस्थापिका झाल्या आणि निधी गोळा करण्यासाठी सभांतून भाषणे करीत हिंडल्या. किंबहुना अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. काल ज्या हाताने घेतले तो हात आज देता झाला. ज्या संस्थेत हे घडत नाही, जेथे घेणारे पिढ्यान्पिढ्या घेणारेच राहतात, तेथे सेवेच्या पद्धतीत काही चुकते आहे असे समजावे.

पाचवी अडचण बदलत्या गरजेची. हिंगण्यास केशवपन झालेल्या बालविधवांसाठी आश्रम निघाला. कालांतराने बालविवाह कमी झाले, वैधव्याचे ते दारुण रूप ओसरले. संस्थेने मग दार लावून घेतले नाही. मुलींचे शिक्षण हे आपले क्षेत्र मानून ती वाढत गेली, आणि १९९१ साली तिने मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. कुष्ठरोगावर १९८० नंतरच्या दशकात अनेक औषधांची संयुक्त उपचारपद्धती आली आणि रोग पूर्णपणे बरा करणे सुकर झाले. आनंदवनाने अंध आणि मूकबधिर मुलांच्या शिक्षणाकडेही लक्ष दिले. याउलट, ज्यांची मूळ गरज सरली आहे पण ज्यांचा निधी व फलक मात्र शाबूत आहेत, अशा संस्था आपल्या प्रत्येकाच्या गावी दाखविता येतील. आपण स्थापनेच्या वेळी लिहिलेला उद्देश आजही कोणाच्या उपयोगी पडतो काय, हे दर काही वर्षांनी तपासून पाहणे विश्वस्तांचे कर्तव्य आहे.

५. आमची एक चूक

दुसऱ्यांची उदाहरणे देऊन स्वतः अलिप्त राहणे बरे नव्हे. म्हणून आमच्याच अनुभवातील एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही काही मंडळींनी वर्गणी जमवून गरजू भगिनींना शिवणयंत्रे देण्याचे ठरविले. यंत्रे आली, सभारंभ झाला, नारळ फुटले, छायाचित्रे निघाली, भाषणे झाली. भाषण करणाऱ्यांत आम्हीही होतो आणि स्वावलंबन या शब्दाचा आम्ही वारंवार उच्चार केल्याचे स्मरते.

वर्ष उलटल्यावर, हिशेबाच्या निमित्ताने, आम्ही त्या घरी जाऊन आलो. सात यंत्रांपैकी दोनच चालू होती. दोन विकली गेली होती. एकाचा पट्टा तुटलेला होता आणि तो बसवून देणारा जवळपास कोणी नव्हता. उरलेल्या दोहोंवर चादर घालून वर देवांच्या तसबिरी मांडल्या होत्या. एका बाईंनी आम्हांस पाणी दिले आणि शांतपणे म्हणाल्या, "यंत्र मिळालं भाऊ, तुमचे उपकार आहेत. पण शिवायला कापड कोण आणून देणार? आमच्या वस्तीत सगळेच जुने कपडे दांडून वापरतात." त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, त्यामुळेच ते आम्हांस अधिक लागले. यंत्र देण्यापूर्वी आम्ही त्यांना एकदाही विचारले नव्हते.

पुढल्या वर्षी आम्ही समारंभ केला नाही. दोन सभासद भगिनींनी एका शाळेच्या गणवेशांचे काम मिळवून दिले आणि यंत्रदुरुस्तीसाठी एका कारागिराशी वर्षाचा करार केला. खर्च पहिल्यापेक्षा थोडा आला, आणि बंद पडलेली तीन यंत्रे पुन्हा चालू झाली. विकलेली दोन मात्र परत आली नाहीत. तो तोटा आमच्या अविचाराच्या खाती लिहिलेला बरा.

६. मुलखाबाहेरच्या वस्तीतील संस्था

महाराष्ट्राबाहेर पिढ्यानुपिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना संस्थेचे मोल अधिक चांगले ठाऊक आहे. बेळगावात १८४८ साली सार्वजनिक वाचनालय निघाले. निजामाच्या राज्यात मातृभाषेतून शिक्षण मिळण्याची पंचाईत असता हैदराबादेत १९०७ साली विवेकवर्धिनी पाठशाळा उभी राहिली. पोटापाण्यासाठी मुंबईस गेलेल्या गोमंतकीयांनी १९१९ साली गोवा हिंदु असोसिएशन स्थापिली. अण्णासाहेब कर्व्यांनीही तरुणपणी आपल्या गावासाठी 'मुरुड फंड' काढला होता. मुंबईस नोकरीस असलेल्या गावकऱ्यांनी मिळकतीचा अल्पसा अंश त्यात घालावा अशी योजना होती. परक्या शहरात राहूनही गावाचे ऋण कसे फेडावे याचा तो साधा धडा आहे.

परंतु अशा संस्थांना एक मोह असतो. आपली भाषा, आपली ज्ञाती, आपले देवालय एवढ्यापुरतेच पाहावे असे वाटू लागते. आरंभी हे स्वाभाविक व आवश्यकही असते, कारण आपल्या माणसांखेरीज वर्गणी देणार कोण? पण देवालयाच्या पायरीवर बसलेली वृद्धा कोणती भाषा बोलते हे विचारून तिला औषध देणे न देणे ठरविणे आपल्या संतपरंपरेस शोभणारे नाही. गाडगे महाराजांनी धर्मशाळा बांधल्या त्या सर्वांसाठी. आणि स्वतः मात्र खराटा व खापर एवढ्यावरच राहिले. ज्या शहराने आपल्या आजोबांना थारा दिला, त्या शहराचेही आपल्यावर ऋण आहे.

७. समारोप

आता आरंभीच्या शंकेचे उत्तर देता येईल. सरकार पुष्कळ करते, आणि ते त्याने अधिक करावे असा आग्रहही धरला पाहिजे. पण योजना कागदावर असणे आणि शेजारच्या गल्लीतील आजोबांना तिचा लाभ मिळणे यांमध्ये जे अंतर असते, ते कोणीतरी पायी चालून कापावे लागते. अर्ज भरून देणे, दाखला मिळवून देणे, रुग्णाबरोबर दवाखान्यात जाऊन बसणे, आणि लाभ न मिळाल्यास तो का मिळाला नाही हे विचारणे, इतके जरी आपल्या संस्थेने नियमाने केले तरी ते लहान काम ठरणार नाही. त्यास मोठा निधी लागत नाही. आठवड्यातून दोन तास देणारी आणि दिलेला शब्द पाळणारी दहा माणसे लागतात.

सभासद कुटुंबांनी पुढील प्रश्नांचा एकत्र बसून विचार करावा. घरातील तरुण मुलामुलींनाही त्यात अवश्य घ्यावे.

(१) आपल्या वस्तीत असे कोणते दुःख आहे, ज्याची नोंद सरकारी दप्तरात अगर आपल्या संस्थेच्या इतिवृत्तात अजून झालेली नाही?

(२) उद्या मोठ्या देणग्या बंद झाल्या, तर आपल्या संस्थेचे कोणते काम केवळ सभासदांच्या वर्गणीवर चालू राहील?

(३) संस्थेचा मागील ताळेबंद आपण स्वतः वाचला आहे काय? वाचला नसल्यास, तो उपलब्ध नव्हता की आपण मागितला नाही?

(४) ज्यांना आपण मदत देतो, त्यांपैकी कोणाचे मत समितीने कधी विचारले आहे काय? त्यांपैकी कोणी समितीवर आहे काय?

(५) आपल्या कुटुंबातील कोण, आठवड्यातील कोणते दोन तास, कोणत्या कामासाठी देऊ शकेल?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर नाव, वार व वेळ यांसह कागदावर लिहून पुढील सभेपूर्वी कार्यालयात द्यावे, अशी सर्वांस नम्र विनंती आहे. सभेत प्रथम ते कागद वाचले जातील, भाषणे त्यानंतर.